हे खरे आहे काय?

प्रा. बी. टी. देशमुख यांच्याशी माझी ओळख नाही. अमरावतीत इतकी वर्षं काढूनही त्यांच्यासमोर जाऊन नमस्कार करण्याचा योग आला नाही. अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघातून ते १९८० पासून २०१० पर्यंत सलग विधान परिषदेवर होते आणि मी त्या मतदारसंघातल्या असंख्य मतदारांपैकी एक. पण सरकारी कागद वाचायचा कसा, हे मला त्यांनी शिकवलं. करोनाच्या दोन वर्षांत हे ऋण मला जितकं जाणवलं, तितकं आधी कधी जाणवलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी आरोग्य खात्यात सांख्यिकीचं काम करत होते. आधी अमरावतीत, पुढे बदली होऊन अकोल्यात. काम साधं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रांकडून महिन्याचे अहवाल यायचे, त्यांची बेरीज करायची, तक्ता करायचा, वर पाठवायचा. अधिवेशन लागलं की मात्र कार्यालयाचा नूर पालटायचा. ‘विधानमंडळ कामकाज, अत्यंत तातडीचे’ असा शिक्का मारलेला फॅक्स यायचा आणि त्या एका कागदासाठी सगळे रात्री उशिरापर्यंत थांबायचे. नागपूरचं हिवाळी अधिवेशन असलं तर अमरावतीहून रात्रीच जीप सुटायची. मोझरी, तिवसा, तळेगाव, कोंढाळी करत पहाटे नागपूर गाठायचं आणि कागद पोचता करायचा. मी नवी होते. मला वाटायचं, कुणीतरी आमदार मुंबईत बसून आम्हाला उगाच छळतो आहे. आमचे बडे बाबू अनुभवी. ते म्हणायचे, “बाई, काय इचारलं थे पाय. जे इचारलं तेवढंच द्याचं. जास्तीचं एक अक्षर नाही.”

ज्यांनी हा कागद पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. विधानमंडळातल्या प्रश्नाचा एक ठरलेला साचा असतो. ‘(१) अमुक तालुक्यात अमुक महिन्यात अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय व त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तराचाही साचा ठरलेला. ‘हे खरे नाही.’ किंवा ‘अंशतः खरे आहे.’ पहिलं उत्तर नकारार्थी गेलं की खालच्या दोन्हींसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहायचं आणि सही घ्यायची. सगळी मेहनत पहिल्या ओळीसाठी असे. ती एकदा सुटली की पुढचं सगळं आपोआप मिटायचं.

१९९३ साली मेळघाटातले बालमृत्यू राज्यभर गाजले. धारणी आणि चिखलदरा ही नावं मुंबईच्या वर्तमानपत्रांत यायला लागली आणि नंतरची कित्येक वर्षं दर अधिवेशनात मेळघाटचा प्रश्न असायचाच, कधी या सदस्याच्या नावाने, कधी त्या. ‘कुपोषणामुळे इतकी बालके दगावली, हे खरे आहे काय?’ आम्ही तक्ता काढायचो. मृत्यूच्या कारणांच्या रकान्यात न्यूमोनिया असायचा, अतिसार असायचा, कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असायचं. कुपोषण नावाचा रकानाच नव्हता. त्यामुळे बेरीज निरंक यायची आणि उत्तर तयार व्हायचं: मृत्यू कुपोषणामुळे नव्हे, विविध आजारांमुळे झालेले आहेत. त्यात खोटा आकडा एकही नसे. ज्या कोरकू बाईचं लेकरू गेलं तिच्या घरात पावसाळ्यात काय शिजत होतं, हे मात्र त्या कागदावर कुठेच येत नसे. मी तो तक्ता सुवाच्य अक्षरात लिहायची. त्यात काही सुटतं आहे, हे माझ्या ध्यानातही येत नसे. बेरीज जुळली की काम झालं, एवढीच माझी समज होती.

माझे घरमालक अमरावतीच्या एका महाविद्यालयात शिकवायचे. त्यांच्याकडे ‘नुटा बुलेटीन’ यायचं. नुटा म्हणजे नागपूर विद्यापीठ शिक्षक संघ, देशमुख सरांची संघटना. त्या अंकांमध्ये प्राध्यापकांच्या वेतनश्रेणीचे निर्णय, न्यायालयांचे आदेश आणि परिषदेतल्या कामकाजाचे उतारे असायचे, बारीक टायपात, पानंच्या पानं. रद्दीत जाण्याआधी मी ते चाळायची. सुरुवातीला डोकं चालायचं नाही. प्राध्यापकांच्या पगाराशी माझा काय संबंध? पण एका अंकात अनुशेषावरची चर्चा होती आणि ती मी जेवण टाकून वाचली.

अनुशेषाची गोष्ट आता जुनी झाली, नव्या मुलांना ती माहीतही नसते. १९८४ साली वि. म. दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीशी प्रत्येक जिल्ह्याची तुलना केली. रस्ते, सिंचन, आरोग्य, पाणी, वीज, शिक्षण यांत कोण किती मागे आहे ते पाहिलं आणि तो खड्डा रुपयांत मोजला. एकूण ३,१८६ कोटी ७८ लाख, त्यात विदर्भाचे १,२४६ कोटी ५४ लाख. पुढच्या समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून मोजलं तेव्हा तोच आकडा १४,००६ कोटी ७७ लाखांवर गेला होता आणि विदर्भाचा वाटा ६,६२४ कोटी झाला होता. म्हणजे दहा वर्षं भरून काढायच्या गोष्टी बोलल्या गेल्या आणि खड्डा मोठा झाला. सिंचनात तर सगळ्यात मागे आमचाच अमरावती विभाग. देशमुख सरांनी हा विषय सभागृहात आणि सभागृहाबाहेर वर्षानुवर्षं लावून धरला.

मी त्या पानांवर जे पाहिलं ते असं. आकडा एकटा नसायचा. तो कोणत्या तारखेचा, कोणत्या शासन निर्णयातला, तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, हे सगळं सोबत असायचं. सरकारचं उत्तर सरकारच्याच जुन्या कागदाशेजारी ठेवलं जायचं. आवाज चढवण्याची गरज पडत नव्हती. माझ्या मनात आलं, आपण मेळघाटचा जो तक्ता पाठवतो तो या माणसाच्या हाती पडला, तर ते आधी विचारतील की रकाने कुणी ठरवले?

त्या दिवसापासून मी माझेच तक्ते वेगळ्या नजरेने पाहू लागले. न्यूमोनियाने गेलेल्या मुलाचं वजन शेवटच्या वेळी किती होतं, ते अंगणवाडीच्या नोंदवहीत असायचं. मी ते मागवायला लागले. उत्तरासोबतच्या टिपणीत वजनाचं एक विवरण जोडायला लागले. बडे बाबू नाराज झाले. “काऊन बाई, इचारलं नाही थे काऊन देता?” वरच्या एका साहेबांनी ते विवरण काढून टाकलं, दुसऱ्या एका साहेबांनी राहू दिलं. जे राहिलं त्याचं पुढे काय झालं हे मला कधी कळलं नाही. तालुक्याच्या बेरजेत एक रकाना वाढला होता, एवढं मात्र खरं.

घरमालकांशी या विषयावर बोलणं व्हायचं. इतिहास त्यांचा विषय. अमरावतीला प्रश्न विचारण्याची सवय जुनी आहे, असं ते सांगायचे. १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात घराघरांत सोल्जर शिरले, रँडचा खून झाला, नातू बंधूंना चौकशीशिवाय अटकेत टाकलं आणि टिळक ‘केसरी’तल्या लेखनावरून राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते, ते हे वर्ष. अध्यक्ष शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष आमचे दादासाहेब खापर्डे. साथीच्या नावाखाली सरकार काय काय करतं, याचा जाब त्या मंडपात जाहीरपणे मागितला गेला. तोवर कौन्सिलात सदस्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क मिळून जेमतेम पाच वर्षं झाली होती. १८९२ च्या कायद्याने तो दिला, पण उपप्रश्न विचारायची मुभा नव्हती. सरकार जे सांगेल ते ऐकून खाली बसायचं. पुढे आमच्याच जिल्ह्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई विधान परिषदेचे सभापती झाले आणि नंतर त्याच सभागृहात विरोधी पक्षनेतेही. हे सगळं ऐकल्यावर फॅक्सवर येणारा तो कागद मला छळ वाटेनासा झाला.

२०१० च्या निवडणुकीत देशमुख सर हरले. अकोल्याचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. रणजित पाटील निवडून आले. लोकशाहीत हे व्हायचंच, त्यात कुणाला बोल लावण्याचं कारण नाही. तेव्हा मी अकोल्यात होते. निकाल ऐकून मला घरातलं कुणी निवृत्त झाल्यासारखं वाटलं.

मग २०२० चा मार्च आला. अर्थसंकल्पी अधिवेशन मुदतीआधी १४ मार्चला गुंडाळावं लागलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अमरावतीत आणि अकोल्यात पहिले रुग्ण निघाले. सुरुवातीला घशातले नमुने नागपूरला जायचे आणि निकालाची वाट पाहत माणसं विलगीकरणात बसून राहायची. नंतर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळा सुरू झाली, मे महिन्यात अमरावती विद्यापीठात झाली. आमच्या कार्यालयाला वेळ-काळ उरला नाही. दिवसातून किती वेळा तक्ता बदलायचा याला धरबंध नव्हता. राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचं पोर्टल वेगळं, पालिकेचा आकडा वेगळा. मृत्यूच्या नोंदी मागे पडत होत्या. एखाद्याला मधुमेह होता, एखाद्याची किडनी आधीच गेलेली, तो करोनाने गेला की करोनासह गेला, यावर कागद अडकून राहायचे.

जूनमध्ये विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहिलं की मुंबईतले साडेनऊशेच्या आसपास मृत्यू नोंदीत आलेलेच नाहीत. आमच्याकडे चर्चा झाली की हे राजकारण आहे. असेलही. दुसऱ्याच दिवशी, १६ जूनला, राज्याने फेरपडताळणी करून १,३२८ मृत्यू एकदम आकड्यात मिळवले. त्यांतले ८६२ मुंबईचे आणि ४६६ उर्वरित महाराष्ट्राचे. ही पडताळणी आधीच सुरू होती, असं सरकारचं म्हणणं होतं आणि ते मला पटतं, कारण आकड्यांचा असा निचरा एका रात्रीत होत नाही. पण बाहेर कुणी प्रश्न विचारतो आहे हे माहीत असलं की आतल्या माणसाचा हात चालतो, हे मी नोकरीभर पाहिलेलं होतं. फडणवीसांच्या पक्षाशी माझं काही देणंघेणं नाही. त्यांनी विचारलं ते बरं केलं, इतकं मात्र मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

कारण सभागृहातले प्रश्नच बंद पडले होते. पावसाळी अधिवेशन पुढे ढकलत ढकलत ७ आणि ८ सप्टेंबरला दोन दिवसांचं झालं, त्यात प्रश्नोत्तराचा तास नव्हता. त्याच महिन्यात संसदेनेही प्रश्नोत्तराचा तास वगळला, लेखी उत्तरं तेवढी ठेवली. अशाच एका लेखी उत्तरात केंद्र सरकारने सांगितलं की टाळेबंदीत घरी परतताना मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी उपलब्ध नाही. अकोल्यावरून जाणाऱ्या महामार्गावर पाय सुजलेली माणसं आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. डिसेंबरमध्ये नागपूरचं अधिवेशन झालंच नाही, मुंबईतच दोन दिवसांत उरकलं. संसर्गाचं कारण खोटं नव्हतं. पण वर्षातून एकदा रात्रीची जीप नागपूरकडे पळवणारा तो कागद त्या वर्षी आला नाही. त्याची उणीव मला भासेल, हे तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. कुणी विचारत नसताना तक्ता भरणं फार सोपं असतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्याकडे पुन्हा भडका उडाला. सगळ्या राज्याला वाटत होतं की साथ सरली, आणि अमरावतीत रोजचे आकडे चढत होते. पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी अमरावती शहर आणि अचलपूर २२ फेब्रुवारीपासून बंद केलं. अकोल्यातही कडक निर्बंध आले. पुढे ज्या विषाणूला डेल्टा म्हणून जगाने ओळखलं, त्याच्या घराण्याचा माग फेब्रुवारीतल्या अमरावतीच्या नमुन्यांपर्यंत जातो. मुंबईतले लोक फोन करून विचारायचे, “तुमच्याकडेच का?” त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं.

आमच्याकडे ही अवस्था असताना १ मार्चला अधिवेशन सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी वैधानिक विकास मंडळांचा विषय निघाला. अनुशेषावर लक्ष ठेवायला १९९४ साली नेमलेल्या या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला, ऐन टाळेबंदीत, संपली होती आणि त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सुधीर मुनगंटीवारांनी विचारलं. उपमुख्यमंत्री अजित पवारांनी उत्तर दिलं की राज्यपाल विधान परिषदेवर नेमायच्या बारा आमदारांची नावं जाहीर करतील त्या दिवशी मंडळंही जाहीर होतील. फडणवीस उठले आणि बारा आमदारांसाठी विदर्भ-मराठवाड्याला ओलीस धरता काय, असा त्यांचा रोख होता. मी ते टीव्हीवर पाहत होते. आवाज, घोषणा, सगळा गोंधळ. मला आठवत होती बुलेटीनची बारीक टायपातली पानं. गोंधळ त्या दिवसापुरता राहिला. मंडळांचं पुनर्गठन करायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो सरकार बदलल्यावर, सप्टेंबर २०२२ मध्ये. याच साथीत एका खाटेसाठी आमच्या गावांतली माणसं अकोल्याला, तिथून नागपूरला नेली जात होती. दांडेकर समितीच्या यादीत आरोग्य हे सदर होतं, हे तेव्हा किती जणांना आठवलं असेल?

पण ज्या उत्तराने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते २० जुलै २०२१ चं. राज्यसभेत काँग्रेसचे के. सी. वेणुगोपाल यांनी विचारलं होतं की दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी रस्त्यांवर आणि रुग्णालयांत मोठ्या संख्येने माणसं मेली, हे खरं आहे काय? केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांचं लेखी उत्तर असं होतं: आरोग्य हा राज्यांचा विषय, राज्यं मृत्यूंची माहिती नियमित पाठवतात आणि ऑक्सिजनच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याचं कोणत्याही राज्याने विशेषत्वाने कळवलेलं नाही. देश संतापला. नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती होऊन माणसं गेली, त्याला तीन महिनेच झाले होते.

मी संतापले नाही, खाली बसले. ते उत्तर मला पाठ होतं. मेळघाटच्या वेळी मी स्वतः ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. मृत्यूच्या नमुन्यात ‘ऑक्सिजन न मिळाल्याने’ असा रकाना नव्हता. श्वसन निकामी झालं, न्यूमोनिया, हृदय बंद पडलं, एवढंच त्यात बसत होतं. खालून निरंक आलं म्हणून वरही निरंक गेलं. मुंबईत त्या वेळी वेगळ्या पक्षांचं सरकार होतं, दिल्लीत वेगळ्या पक्षाचं, आणि रकाना दोघांकडेही नव्हता. पण यावेळी प्रश्न विचारणारा गप्प बसला नाही, वर्तमानपत्रं बसली नाहीत आणि केंद्राला राज्यांकडून अशा मृत्यूंची माहिती नव्याने मागवावी लागली. उशिरा का होईना, कुणीतरी रकाना आखला.

त्याच वर्षाच्या अखेरीला सानुग्रह अनुदान सुरू झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर करोनाने गेलेल्याच्या वारसाला ५० हजार रुपये. दाखल्यावर करोना लिहिलेला नाही एवढ्यावरून कुणालाही नाकारता येणार नाही, हेही न्यायालयाने सांगितलं होतं. मूर्तिजापूरकडची एक बाई तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला घेऊन आली. नवरा एप्रिलमध्ये गेलेला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. दाखल्यावर न्यूमोनिया. तिचा अर्ज एकदा परत आला होता. “मॅडम, थे न्यूमोनियानं गेले म्हणते. मग आमाले घरात चौदा दिवस कोंडून काऊन ठेवलं व्हतं?” याहून नेमका उपप्रश्न मी सभागृहातही ऐकलेला नाही.

मी त्यांचे कागद जमिनीवर मांडले. छातीच्या स्कॅनचा अहवाल निघाला, त्यावर स्कोअर होता. चाचणीचा संदेश मुलाच्या मोबाइलमध्ये होता, तारीख मृत्यूच्या आधी तीस दिवसांच्या आतली. मग तक्रार निवारण समितीकडे द्यायचा अर्ज आम्ही मिळून लिहिला. चाचणी अमुक तारखेस बाधित आली, हे खरे आहे काय. असल्यास, दाखल्यावर वेगळे कारण कोणत्या आधारे नोंदवले. नसल्यास, आम्हाला विलगीकरणात कोणत्या आदेशाने ठेवले. प्रत्येक ओळीला कागद जोडला. मुलगा म्हणाला, “मॅडम, हे असं लिहायला तुम्ही कुठं शिकल्या?” मी देशमुख सरांचं नाव सांगितलं. त्याने ते ऐकलेलं नव्हतं, त्याचा जन्मच अलीकडचा. मग त्याला सांगत बसले: विधान परिषद म्हणजे काय, अनुशेष म्हणजे काय, दांडेकर कोण. आई कंटाळून बाहेर जाऊन बसली, तो मात्र ऐकत राहिला.

अर्ज मंजूर झाला, पैसे खात्यात आले. मी आता निवृत्त आहे. मुलगा अधूनमधून फोन करतो. परवा त्याने त्याच्या गावच्या पीक विम्याबद्दल तहसीलदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला, बघून द्या म्हणाला. सोयाबीनचं नुकसान, पंचनाम्याची तारीख, किती शेतकऱ्यांना मिळाले आणि किती राहिले. मला दोन ठिकाणी तारीख घालायला सांगावी लागली. तिसरा मुद्दा त्याने न विचारता बरोबर लिहिला होता: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?